नावांचा क्रम

मार्केट यार्डाकडून वारा सुटला की होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या आमच्या पांढऱ्या कुडत्यांवर बारीक पिवळी धूळ बसते. कायदा शिकणाऱ्या मुलींना पांढरे कपडे लागतातच. कधी कोर्ट बघायला जायचं असतं, कधी कॉलेजातलंच खोटं खोटं कोर्ट असतं. म्हणून फेब्रुवारी लागला की सगळ्याजणी कपडे खोलीत वाळत घालतात. हळदीचा हंगाम आला, हे सांगलीत आम्हाला असं कळतं.

गेल्या आठवड्यात मी माझा कुडता मुद्दाम बाहेरच ठेवला. का ठेवला ते नीट सांगता येणार नाही. संध्याकाळी काढायला गेले आणि तसाच नाकाशी धरला. शिजवून वाळवलेल्या हळदीचा वास ओल्या हळदीसारखा नसतो. कोरडा असतो, जुन्या मातीसारखा. त्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा हाच महिना आला. ग्रंथालयातला कोपरा आला, प्रिंटरमधून निघालेला गरम कागद आला, आणि कदम मॅडमचं ते हळू आवाजातलं "बरोबर आहे" आलं.

मला खरं तर असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझे आबा माणदेशातले मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानांकडं निघायचं आणि पावसाच्या तोंडाला घरी परतायचं, असं त्यांचं वर्ष. माझी शाळा चुकू नये म्हणून मला कोरेगावला मामांकडं ठेवलं होतं. मामांचं पत्रिका छापायचं दुकान आहे, लग्नाच्या, बारशाच्या, जत्रेच्या. अकरावीत असताना मी तिथं टायपिंग शिकले, आणि टायपिंगपेक्षा मोठी एक गोष्ट शिकले, ती म्हणजे नावांचा क्रम.

ती कशी शिकले तेही सांगते. एकदा एक गृहस्थ पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून दुकानात आले आणि तो त्यांनी काउंटरवर आपटला.

"आवं, ह्यो काय परकार? धाकटा भाऊ वर आन मी खाली? मी काय मेलोय व्हय?"

"न्हाई ओ दाजी," मामा उठून उभे राहिले. "पोरगी नवीन हाय. चुकली."

"नवीन हाय म्हनून थोरला-धाकटा कळत न्हाई? ह्या कार्डावर कोन यील लग्नाला? मीच येत न्हाई!"

मामांनी संध्याकाळपर्यंत नवीन गठ्ठा द्यायचं कबूल केलं, चहा पाजला, तेव्हा ते गेले. मामा मला रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "उजे, तारीख चुकली तर लोक फोन करून इच्यारत्यात. नाव खाली गेलं तर लोक येतच न्हाईत. ध्यानात ठेव. आदी देव, मग वारल्याली मानसं, मग म्हातारी, मग बाप, मग नवरदेव."

"आणि लग्नात राबतात ते?"

"ती शेवटाला. जागा उरली तर."

ते मी इतकं मनावर घेतलं की पुढं माझ्या हातून एकाही पत्रिकेत नाव खाली-वर झालं नाही. मला त्याचा अभिमानही होता.

सांगलीच्या कॉलेजात कमवा-शिका योजनेतून काम मिळालं तेही टायपिंग येतं म्हणूनच. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात दोन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीवर 'संशोधन कक्ष' अशी पाटी. कॉलेजचं मूल्यांकन जवळ आलं होतं आणि प्राध्यापकांचे लेख छापून यायला हवे होते. ते टाइप करायचे, तळटीपा नीट लावायच्या, योग्य नियतकालिक शोधायचं, त्यांच्या साइटवर फॉर्म भरून लेख पाठवायचा, आणि छापून आला की तो लोकांपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. पोचवायचा म्हणजे कॉलेजच्या साइटवर टाकायचा, ग्रुपवर टाकायचा, संशोधकांच्या साइटवर त्या-त्या सरांचं पान उघडून तिथं चढवायचा.

एक सर त्यांचा लेख जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहून आणायचे. एकदा करार कायद्यावरच्या त्यांच्या लेखात मी चुकून पलीकडचा प्रश्नच टाइप केला होता, 'खालीलपैकी कोणत्याही दोनांवर टीपा लिहा'. सरांनी तो लेख तपासून, सही करून परत दिला. ते वाक्य त्यांनाही दिसलं नाही. अशा गोष्टींवर कदम मॅडम आणि मी फार हसायचो.

कदम मॅडम वाईच्या. घाटाजवळ त्यांचं माहेर आणि सासरही तिथलंच. आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढंच काम, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. अकरा जून असे गेले होते. आठवडाभर सांगलीत एका खोलीत राहायच्या, शनिवारी दुपारच्या एसटीनं वाईला जायच्या. मुलगा विचारायचा म्हणे, "आई, तू कॉलेजात पाहुणी आहेस का?" हे त्यांनीच एकदा भडंग खाता खाता हसून सांगितलं होतं. मलाही हसू आलं, आणि मग ते कुठं ठेवावं कळेना.

त्या वर्षी जानेवारीत कायम जागेची जाहिरात आली. एकच जागा. मॅडमच्या सगळ्या अटी पूर्ण होत होत्या, गुणांत मात्र एक लेख कमी पडत होता. मान्यताप्राप्त नियतकालिकातला, आणि तोही मार्चअखेरच्या आत छापून आलेला. लेख त्यांच्याकडं होता. गेली तीन वर्षं त्या तो लिहीत होत्या. गायरानं आणि मेंढपाळांचा चराईचा हक्क. तीन वर्षं अशासाठी, की तो त्यांनी पुस्तकांतून लिहिला नव्हता. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन त्या रानोमाळ जायच्या. मी त्यांना माझ्या आबांकडंही घेऊन गेले होते.

ऊस तुटून गेलेल्या रानात आबांचा तळ होता. मेंढरं उसाचं वाढं खात पसरली होती. मॅडम सरळ मातीत बसल्या. आबांना ते आवडलं, पण तसं दाखवतील तर ते आबा कसले.

"बाई, हे लिवून काय हुनार?"

"कायदा करणाऱ्यांपर्यंत पोचेल, आबा. वेळ लागतो, पण पोचतं."

"पोचू द्या. आमी तर त्यास्नी भेटाया गेलो तर गेटापातूर बी पोचत न्हाई."

मग आबा बोलत राहिले. आमच्या गावच्या गायरानाला कुणीतरी तार ओढली, मेंढरं आत गेली म्हणून केस झाली, त्याबद्दल. शेवटी काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "तार वढली तवा आमाला कुनी सांगितलं न्हाई. आन आमच्या मेंढरास्नी तार वाचाया येत न्हाई."

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. लेख इंग्रजीत होता. त्या एका वाक्याचं इंग्रजी करायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली आणि तरी काहीतरी मागंच राहिलं.

खोट्या नियतकालिकांचे फोन तर रोज यायचे. एकदा मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. तिकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पेपर आज पाठवा, परवा अंक निघेल. सर्टिफिकेट घरपोच."

"आणि वाचणार कोण?" मॅडमनी विचारलं.

ती बाई म्हणाली, "मॅडम, ते आमच्याकडं येत नाही."

मॅडमना तसलं नको होतं. आम्ही शोधून शोधून एक खरं नियतकालिक काढलं. तिथं लेख दुसरे लोक तपासतात, मग छापतात. तळटीपा त्यांच्या पद्धतीनं पुन्हा लावल्या. स्वल्पविराम कुठं, तिरपं अक्षर कुठं, यात आठ दिवस गेले. त्या दिवसांत यार्डाच्या रस्त्यानं कॉलेजला येताना पोत्यांच्या थप्पीवर चढलेली पिवळी माणसं दिसायची. केस पिवळे, पापण्या पिवळ्या. ती माणसं हळद लागलेल्या नवरदेवासारखी दिसतात असं मी मॅडमना म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "नवरदेवाची दोन दिवसांत उतरते गं."

लेख पाठवायचा दिवस मला पुरता आठवतो. साइटवर फॉर्म उघडला होता. पहिला लेखक, दुसरा लेखक, पत्रव्यवहार कोणाशी करायचा, अशा चौकटी होत्या. मॅडम तासाला निघाल्या होत्या. दारातून वळून म्हणाल्या, "उज्ज्वला, प्राचार्य सरांचंही नाव घालायला हवं गं. त्यांनी तहसील कार्यालयाला पत्र दिलं होतं ना, म्हणून आपल्याला कागद बघायला मिळाले."

सरांनी नाव मागितलं नव्हतं. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढं मी मनातल्या मनात सरांना पुष्कळ बोलले. त्यांनी एक पत्र दिलं होतं, चार ओळींचं, आणि ते विसरूनही गेले असतील.

मी फॉर्म भरला. पहिल्या चौकटीत प्राचार्य सर, दुसऱ्या चौकटीत कदम मॅडम. असं करू की तसं, असा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. थोरल्याचं नाव वर, राबणाऱ्याचं खाली, हे माझ्या बोटांनाच पाठ होतं. पत्रव्यवहारालाही सरांचंच नाव घातलं, कारण त्यांना केबिन होती, शिपाई होता, पत्ता होता. मॅडमना खोली होती, ती दर जूनमध्ये बदलायची.

तास संपवून मॅडम आल्या. हातावर खडू होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "एकदा बघून घ्या, मग पाठवते." त्यांनी सगळं वाचलं. शेवटी नावांपाशी आल्या. माऊसवरचं त्यांचं बोट थांबलं. दोन श्वास जातील एवढा वेळ. मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पहिलं त्यांचंच हवं." आणि त्यांनीच बटण दाबलं.

लेख स्वीकारला गेला. दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली होती, ती केली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साइटवर आला. मी संशोधकांच्या साइटवर मॅडमचं पान उघडलं आणि लेख तिथं चढवला. ते पान किती जणांनी वाचलं ते दाखवतं, आणि कोणत्या गावातून तेही. दोन दिवसांनी आकडा तीन होता. एक मी, एक मॅडम, आणि एक कोण ते कळलं नाही. त्या तिसऱ्याबद्दल आम्ही खूप बोललो. मॅडम म्हणाल्या, एखादे न्यायाधीश असतील. मी म्हटलं, चुकून बटण लागलं असेल. त्यांनी माझ्या पाठीत फाईल मारली.

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'हार्दिक अभिनंदन'. सरांचा फोटो माणसाएवढा आणि खाली कोपऱ्यात मॅडमचा, ओळखपत्रावरचा. तो मजकूरही मीच टाइप केला होता.

छापील प्रत घेऊन मी आबांच्या तळावर गेले. आबांना वाचता येत नाही, पण कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"माजं नाव कुटं हाय?"

"नाव घालत न्हाईत आबा. नाव आलं तर तुमास्नी तरास हुईल. तुमी सात नंबर हाय. ह्यो बगा सात."

"सात." त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग ते बोट वर नेत नेत मथळ्याखालच्या नावांवर आणलं. "आन हे कोन?"

"पयलं आमच्या प्राचार्य सरांचं. दुसरं कदम मॅडमचं."

"ते आलं हुतं व्हय रानात?"

"न्हाई."

आबांनी जरा विचार केला. "मग लय मोठं असत्याल," म्हणाले, आणि कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही मॅडमचा नोकरीचा अर्ज भरायला बसलो. लेखाची माहिती घातली, आणि पुढं प्रश्न आला, 'आपण पहिले लेखक आहात का? पत्रव्यवहाराचे लेखक आहात का?' मी दोन्हीकडं 'नाही' दाबलं. उजव्या बाजूला गुण आपोआप यायचे. ते आले. एवढे थोडे, की मला वाटलं पान अर्धंच उघडलंय. मी पुन्हा उघडलं. तेवढेच. पहिल्या लेखकाला बरेच आणि बाकीच्यांना नावापुरते, असा नियमच होता.

मी म्हणाले, "मॅडम, मी चुकवलं."

"तू नाही चुकवलंस."

"आपण त्यांना लिहू. क्रम बदलून घेऊ." मी तेव्हाच्या तेव्हा नियतकालिकाचे नियम काढले. बदलता येत होतं. दोन्ही लेखकांनी सही करून तसं पत्र द्यायचं होतं. मी पत्र टाइप केलं, प्रिंट काढली. मॅडमनी सही केली. खाली सरांच्या सहीची जागा रिकामी होती. मॅडमनी पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"आजच जाऊ या ना सरांकडं."

"काय म्हणून जाऊ? तुमचं नाव खाली घेते म्हणून? ते निवड समितीत आहेत, उज्ज्वला."

"सर समजून घेतील."

"घेतील. तोंडावर काहीच म्हणणार नाहीत. पण काय वाटेल त्यांना?"

मला ती काउंटरवर आपटलेली पत्रिका आठवत होती. एवढ्या पोटतिडकीनं मी काही बोलूही शकत नव्हते, कारण मॅडम म्हणत होत्या ते मला आतून पटत होतं. तेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

तरी त्यांना मुलाखतीला बोलावलं. अकरा वर्षांचे तास होते, ते कामाला आले. एप्रिल संपत आला होता. यार्डातली हळद बरीचशी उचलली गेली होती, रस्त्यावर नुसती धूळ उरलेली. मॅडमनी फिकट निळी साडी नेसली होती. मी व्हरांड्यात थांबले होते. त्या आत गेल्या आणि फार लवकर बाहेर आल्या. पाण्याच्या टाकीपाशी जो सिमेंटचा बाक आहे तिथं बसल्या. मी पाणी आणलं, ते त्यांनी हातातच धरलं.

"बाहेरून आलेल्या एका सरांनी लेख काढला," त्या म्हणाल्या. "म्हणाले, विषय फार चांगला आहे, मुलाखती फार चांगल्या आहेत. मुख्य लेखक तुमचे प्राचार्य दिसतात. यात तुमचं काम कोणतं?"

"मग?"

"मी तोंड उघडणार तोवर आपले सर बोलले. कौतुकानंच बोलले गं. म्हणाले, मॅडमनी खूप मदत केली आहे."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"सगळे माझ्याकडं बघून हसले. छान हसले. मग मीही हसले."

त्यांनी पाणी प्यायलं. पर्स मांडीवर होती. ते पत्र आतच असणार.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ते सर वाईट नाहीत, चांगलं शिकवतात. पण कायमचा माणूस आला म्हणून मॅडमचे तास त्यांच्याकडं गेले आणि बाराव्या जूनला मॅडमनी अर्ज केलाच नाही. त्यांच्या ड्रॉवरमध्ये फार काही निघालं नाही. खडूंचा डबा, एक डस्टर, लेखाचा तो खाडाखोडीचा कच्चा खर्डा. खर्डा त्यांनी मला दिला. प्राचार्य सरांनी निरोपाला नारळ आणि शाल दिली आणि भाषणात म्हणाले, अशा शिक्षिका दुर्मिळ असतात. ते खरं बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. सर वाईट असते तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. मग निदान माझा राग कुठंतरी जाऊन बसला असता.

आता मॅडम वाईत घराच्या पुढच्या खोलीत अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतात. कायदा नाही, इंग्रजी आणि राज्यशास्त्र. मागच्या दिवाळीत मी कोरेगावहून त्यांना भेटायला गेले होते. घाटावर थोडा वेळ बसलो. पाणी बरंच होतं. त्यांनी लेखाचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. गेटवरच्या त्या फ्लेक्सचं आता आमच्या सायकल स्टँडवर छप्पर केलंय, हेही मी सांगितलं नाही. मॅडमचा कोपरा आतल्या बाजूला दुमडला आहे.

यंदा पुन्हा कसली तरी समिती यायची आहे, पुन्हा लेख हवे आहेत. मी शेवटच्या वर्षाला आहे आणि संशोधन कक्षात अजून मीच आहे. परवा तासिकेवरचे एक नवीन सर आले. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. लेख चांगला होता, कष्टानं लिहिलेला. मला म्हणाले, "प्राचार्यांचं नाव पहिलं घाल बरं का."

दोन वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. नियम दाखवला, गुण दाखवले. पहिलं नाव तुमचं नसेल तर हा लेख तुमच्या काही उपयोगाचा नाही, असंही म्हणाले. एवढं मी कुणाशी कधी बोलले नव्हते.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला माहीत आहे गं. सगळ्यांना माहीत असतं. पण जूनमध्ये तास कोण देणार? तू?"

मी टाइप केलं. पहिल्या चौकटीत प्राचार्य सर, दुसऱ्या चौकटीत ते.

तेव्हापासून मॅडमचं ते थांबलेलं बोट मला वेगळंच दिसायला लागलंय. इतके दिवस मला वाटायचं, चूक माझी होती, मामांच्या दुकानातली, खेड्यातून आलेल्या पोरीची. मला कळलं असतं तर मॅडम आज इथं असत्या. आता वाटतं, त्या दोन श्वासांत मॅडमना सगळं माहीत होतं. मग माझ्या चुकीलाही काही अर्थ उरत नाही. हे बरं की वाईट, मला सांगता येत नाही. चूक आपली आहे असं वाटत होतं तोवर ती पुन्हा होऊ न देणं आपल्या हातात होतं.

एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. ग्रंथालयात वाचकांसाठी कॉम्प्युटर आहेत, भिंतीला लागून एका रांगेत. रोज सकाळी कामाला बसण्याआधी मी त्यातला एक सुरू करते, कधी हा, कधी तो, आणि मॅडमचं पान उघडते. सुरुवातीला नुसतं उघडून बंद करायचे. गेल्या वर्षी असाच हळदीचा वास सुटला असताना सुरू केलं होतं आणि मग सवय झाली.

मागच्या रविवारी मॅडमचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता.

"उज्ज्वला, एक गंमत सांगू? माझा लेख कोणीतरी वाचतंय. रोज! मी आज सहज पान उघडलं, तर केवढा आकडा. आणि गाव सांगली दाखवतंय. विद्यार्थी असेल, नाही? की कुणी वकील?"

मी खिडकीबाहेर बघत होते. दोरीवर एकटा माझाच कुडता होता.

"असेल मॅडम," मी म्हणाले. "वकीलच असतील कुणीतरी."

"बघ, मी तुझ्या आबांना म्हणाले होते ना, वेळ लागतो. त्यांना सांग हं."

"सांगते."

मे महिन्यात माझी परीक्षा आहे. त्यानंतर ग्रंथालयाचं कार्ड बंद होईल, आणि सांगलीतलं ते कोणीतरी वाचायचं थांबेल. मॅडमच्या ते कधीतरी लक्षात येईल. तेव्हा त्या काय समजतील याचा विचार मी करून बघते, आणि पुढं जात नाही.

आबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "वकील वाचतोय? मग तार निगंल म्हनायची." थट्टेनं म्हणाले की खरंच, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी विचारलं नाही.

आज सकाळी खिडकीजवळचा कॉम्प्युटर लावला. कीबोर्डवरही पिवळी धूळ होती, ती ओढणीनं पुसली. मॅडमचं पान उघडलं आणि लेख सावकाश वाचत सात नंबरपर्यंत आले. तिथलं ते आमचं इंग्रजी वाक्य वाचलं, आणि मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच आबांच्या शब्दांत म्हटलं, आमच्या मेंढरास्नी तार वाचाया येत न्हाई. आकडा एकानं वाढला. एका कॉम्प्युटरवरून दिवसाला एकच वाचक धरतात. मी उठले आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले.